इंग्रजीतला 'लूट' आणि आपली लूट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी संध्याकाळी इंग्रजीची शिकवणी असते. निम्मी मुलं मराठी, निम्मी गुजराती. मराठी मुलं मला काकू म्हणतात, गुजराती मुलं बेन. उत्तरायण, म्हणजे इकडचा संक्रांतीचा पतंगांचा सण, जवळ आलं की वर्गात 'लूट' हा शब्द हमखास निघतो. मुलांनी, त्यांच्या आयांनी आणि एकदोघा आजोबांनीही त्याबद्दल इतक्यांदा विचारलंय की उत्तरं एकदा नीट लिहून ठेवावीत असं वाटलं.

'लूट' हे खरंच इंग्रजी क्रियापद आहे का? की आपणच इंग्रजी बोलताना ते घुसडतो?

खरंच आहे. एल, ओ, ओ, टी. इंग्रजी शब्दकोशात ते नाम म्हणूनही सापडतं आणि क्रियापद म्हणूनही. लंडनच्या बातम्यांत, अमेरिकेतल्या कोर्टात ते रोज वापरलं जातं, आणि वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते कुठून आलं याची कल्पनाही नसते. शब्द आपल्याकडून गेलेला आहे, पण आता तो तिकडचा रहिवासी आहे.

उच्चार आपल्यासारखाच करायचा का?

जवळपास. 'बूट', 'रूट' यांच्याशी यमक जुळतं. ट म्हणताना आपली जीभ मागे वळते, इंग्रजीत ती वरच्या दातांमागच्या हिरडीला टेकते, एवढाच फरक.

मराठी मुलांची खरी चूक दुसरीच असते. आपण 'लूट' म्हणतो तेव्हा ऊ दीर्घ असतो, पण प्रत्यय लागला की तो ऱ्हस्व होतो: लुटणं, लुटलं, लुटारू. त्याच सवयीने मुलं 'लुटेड', 'लुटिंग' म्हणतात. इंग्रजीत ऊ सगळ्या रूपांत दीर्घच राहतो: लूट, लूट्स, लूटेड, लूटिंग, लूटर. 'लूटेड'च्या शेवटी 'इड' ऐकू यायला हवा.

क्रियापद म्हणून त्याचा नेमका अर्थ काय?

इथे जरा थांबावं लागेल, कारण 'लुटणे' म्हणजे 'लूट' असं समजून पुढे गेलं की पाय घसरतो.

इंग्रजी 'लूट'मध्ये रखवाली कोसळलेली असते. युद्ध, दंगल, पूर, भूकंप, नाहीतर शहराची वीज गेलेली. अशा वेळी लोक किंवा सैनिक दुकानांत, घरांत, गोदामांत शिरून हाताला लागेल ते उचलून नेतात. १९७७च्या जुलैत न्यूयॉर्कची वीज गेली आणि रात्रीतून शेकडो दुकानं फुटली, ते 'लूटिंग'. २००३च्या एप्रिलमध्ये बगदाद पडलं आणि तिथल्या संग्रहालयातून हजारो वर्षांपूर्वीच्या वस्तू गेल्या, तेही 'लूटिंग'. दोन्हीकडे अडवणारं कोणी उरलं नव्हतं.

याच अर्थाचा पुढचा फाटा म्हणजे सत्तेवरच्या माणसांनी देशाची तिजोरी रिकामी करणं. तिथेही 'लूट' चालतं, कारण ज्याने राखायचं त्यानेच खाल्लं.

'रिक्षावाल्याने मला लुटलं' याचं 'ही लूटेड मी' होईल का?

आपल्याकडे बोलताना चालून जातं, ऐकणाऱ्याला कळतंही. पण परीक्षेत किंवा परदेशात लिहू नका. इंग्रजीत सहसा ठिकाण लूट होतं किंवा माल लूट होतो, एकटा माणूस नव्हे. जास्त पैसे घेतले असतील तर 'ही ओव्हरचार्ज्ड मी', चिडून सांगायचं असेल तर 'ही रिप्ड मी ऑफ'. सुरा दाखवून पाकीट काढून घेतलं असेल तर 'आय वॉज रॉब्ड'.

मग 'रॉब', 'स्टील' आणि 'लूट' यांतला फरक कसा लक्षात ठेवायचा?

क्रियापदाच्या पुढे काय येतं ते बघा. 'स्टील'च्या पुढे वस्तू येते: सायकल, घड्याळ, मोबाइल. 'रॉब'च्या पुढे ज्याचं गेलं तो येतो: माणूस, बँक, पेढी. 'लूट'च्या पुढे दोन्ही येऊ शकतं, दुकानही आणि दुकानातला टीव्हीही, पण मागे गोंधळाची परिस्थिती हवी. बंद घराचं कुलूप तोडून कोणी दागिने नेले तर ते 'लूट' होत नाही, त्याला 'बर्गल' म्हणतात.

मराठीचा संसार याहून मोठा आहे. चोरणं, लुटणं, लुबाडणं, नागवणं, हिसकावणं, वाटमारी, दरोडा. यातल्या प्रत्येकासाठी इंग्रजीत एकच बरोबर शब्द शोधत बसू नका, आधी काय घडलं ते डोळ्यांपुढे आणा.

गुजराती वर्तमानपत्रात रोज 'लूंट' अशी बातमी असते. तिचं इंग्रजी काय करायचं?

'रॉबरी'. बडोद्यातल्या मुलांसाठी हा खास सापळा आहे. गुजराती पोलिसी भाषेत 'लूंट' म्हणजे 'रॉबरी', आपल्या मराठी कायद्याच्या भाषेत 'जबरी चोरी'. पाच किंवा त्याहून जास्त जण मिळून आले की ती 'डकॉइटी'. त्याला मराठीत दरोडा म्हणतात आणि गुजरातीत धाड. मराठी मुलाला धाड म्हटलं की पोलिसांची धाड आठवते, आणि भाषांतरात चोरांच्या जागी पोलीस येऊन बसतात. हे माझ्या वर्गात एकदा नाही, चारपाचदा झालंय.

भारतीय न्याय संहितेत 'लूटिंग' नावाचा वेगळा गुन्हा नाही. 'डकॉइटी' मात्र आहे, आणि तोही आपल्याच मातीतला शब्द.

हा शब्द इंग्रजीत कधी आणि कसा गेला?

सैन्याबरोबर गेला. कंपनीच्या फौजा हिंदुस्थानात लढत होत्या, त्यांच्याबरोबरचे शिपाई, बाजारबुणगे, दुभाषे सगळे 'लूट' म्हणत होते, आणि गोऱ्या सैनिकांच्या तोंडात तो बसला. १७८८ साली लंडनमध्ये छापलेल्या हिंदुस्थानी शब्दांच्या एका यादीत तो अर्थासकट आहे. १८८६ साली यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हा कोश निघाला, हिंदुस्थानातल्या इंग्रजांच्या बोलीतले शब्द जमवणारा. त्यात या शब्दाचा प्रवास दिलाय: १८४०च्या सुमाराचं चीनचं युद्ध, मग क्रिमियाचं युद्ध, मग १८५७. या तीन टप्प्यांत तो हिंदुस्थानातल्या गोऱ्यांच्या बोलीतून थेट इंग्लंडमधल्या माणसांच्या तोंडी गेला.

याच कोशातला एक दाखला मला फार आवडतो. १८४२ सालचा. गव्हर्नर जनरल एलेनबरो वेलिंग्टनच्या ड्यूकला पत्र लिहितोय, विषय आहे मध्य हिंदुस्थानातला सागर जिल्हा. तिथे जाळपोळ चालली आहे असं सांगून तो 'लूटिंग' हा शब्द लिहितो, आणि लगेच जोडतो की तिकडे त्याला असं म्हणतात. तेवढ्या एका जोडामुळे शब्दाचं वय कळतं. पाहुणा दारात उभा आहे, यजमान त्याची ओळख करून देतोय. पुढे पंधरावीस वर्षांत ही ओळख करून द्यायची गरजच संपली.

इंग्रजांकडे आधी लुटीसाठी शब्दच नव्हता का?

होते की, भरपूर होते. म्हणूनच नवा शब्द टिकला कसा, हे बघण्यासारखं आहे.

'प्लंडर' हा जर्मनीतून आला, सतराव्या शतकातल्या तीस वर्षांच्या युद्धात. त्याच्या मुळाशी घरातलं अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी, चिंध्या आहेत. 'सॅक' म्हणजे पोतं: फ्रेंचमध्ये शहर 'पोत्यात घालणं' असा प्रयोग होता, तिथून तो आला. 'रॅन्सॅक' उत्तर युरोपातल्या नॉर्स लोकांचा, 'रान' म्हणजे घर आणि 'साका' म्हणजे शोधणं. आपल्या 'घरझडती'चा अगदी शब्दाला शब्द! आणि 'रॉब'चा सख्खा भाऊ कोण, तर 'रोब', म्हणजे झगा. लुटीत पहिल्यांदा अंगावरचे कपडेच जात, म्हणून लुटीच्या मालाचं नाव कपड्याला पडलं. मराठीत आपण 'नागवणं' म्हणतो तेव्हा दुसऱ्या टोकाने तेच सांगतो.

इतके शब्द असूनही 'लूट' राहिला. माझ्या मते याला दोन कारणं आहेत. एक, तो एकाच स्वराचा, ठसठशीत शब्द आहे, सैनिकाच्या तोंडी बसणारा. दुसरं, सरकारी भाषेत लुटीला 'प्राइझ' म्हणत. किल्ला पडला की मालाची यादी व्हायची, 'प्राइझ एजंट' नेमले जायचे, हुद्द्याप्रमाणे वाटे पडायचे. १७९९ साली श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा असेच वाटे पडले, आणि टिपूचा तो माणसावर बसलेला लाकडी वाघ इंग्लंडला गेला. आज तो लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. या वाटणीबाहेर जो तो हाताने ओरबाडत होता, त्याला 'प्राइझ' म्हणता येईना. त्या उघड्या गोष्टीला उघडं नाव हवं होतं, ते आपल्या बाजाराने दिलं.

आपण 'सुरतेची लूट' म्हणतो, इंग्रजी पुस्तकात 'सॅक ऑफ सुरत' का लिहितात?

शहर ताब्यात घेऊन काही दिवस पद्धतशीर रिकामं केलं की इंग्रजीत 'सॅक'. शिवाजी महाराजांनी १६६४ आणि १६७० साली सुरतेवर स्वारी केली तेव्हा तिथल्या वखारीतल्या इंग्रजांच्या भाषेत 'लूट' हा शब्द आलेलाच नव्हता. भाषांतर करताना 'सॅक' लिहा, तो रूढ आहे. आमच्या वर्गात सुरतेचं आजोळ असलेली मुलंही बसतात आणि घरोघरी ही हकिकत वेगळ्या सुरात सांगितली जाते. ते मी ऐकून घेते, मुलांनाही एकमेकांचं ऐकू देते.

संस्कृतात मूळ कुठे आहे?

दोन वाटा सांगितल्या जातात. एक 'लुण्ट्' किंवा 'लुण्ठ्' धातूची: त्यातून 'लुण्टाक' म्हणजे लुटारू. दुसरी 'लुप्' धातूची: तोडणं, हिरावणं. त्यातून 'लोप्त्र', चोरीचा माल. 'हॉब्सन-जॉब्सन'ने ही दुसरी वाट दिलीय. आपले 'लोप' आणि 'लुप्त' याच लुप्‌चे.

माझा कल पहिल्या वाटेकडे आहे, आणि त्याचं कारण मला बडोद्यानेच दिलं. मराठीत आणि हिंदीत 'लूट', पण माझ्या गुजराती शेजारणी 'लूंट' म्हणतात, नाकातून. लुण्ट्‌मधला तो ण गुजरातीत अजून वाजतोय असं मला दर वेळी वाटतं.

दुसरी वाट खरी मानली तर मात्र एक गंमतशीर नातं निघतं. लुप् आणि इंग्रजी 'रॉब' हे फार मागे एकाच कुळातले ठरतात. म्हणजे इंग्रजांच्या घरी एक बहीण आधीपासून नांदत होती, दुसरी हिंदुस्थानातून नंतर आली.

'बूटी' आणि 'लूट' एकच ना? आवाज सारखा आहे.

नाही. 'बूटी' उत्तर जर्मनीकडचा, मुळात 'वाटणी' या अर्थाचा. आवाज जुळला, कूळ नाही. 'लेफ्टनंट'ला बोलताना कधी 'लूट' म्हणतात, त्याचाही आपल्या शब्दाशी संबंध नाही.

राणी व्हिक्टोरियाच्या कुत्रीचं नाव 'लूटी' होतं हे खरं आहे का?

खरं आहे. १८६० साली इंग्रज आणि फ्रेंच फौजांनी पेकिंगजवळचा चिनी बादशहाचा उन्हाळी राजवाडा लुटला आणि जाळला. तिथे सापडलेली एक छोटी पेकिनीज कुत्री कॅप्टन डन नावाच्या अधिकाऱ्याने आणून राणीला दिली. तिचं नाव ठेवलं 'लूटी'. १८६१ साली तिचं तैलचित्रही काढून घेतलं. मुलांना ही गोष्ट सांगितली की ती आधी हसतात, मग कोणीतरी विचारतं, तिला तिथे करमलं का? मला नावापाशीच थांबावंसं वाटतं. शब्दाची लाज वाटत असती तर तो मांडीवरच्या कुत्रीला दिला नसता.

'मी पतंग लुटला' इंग्रजीत कसं सांगायचं?

ज्या प्रश्नावरून हे सगळं सुरू झालं तो हा. वासी उत्तरायण, म्हणजे सणानंतरचा शिळा दिवस, झाल्यावर दुसऱ्या दिवशी एक सातवीतला मुलगा शिकवणीला आला. उजव्या तर्जनीवर मांजाने कापल्याच्या तीन रेघा, त्यावर हळद. निबंधात त्याने लिहिलं होतं, 'आय लूटेड इलेव्हन काइट्स'. मी वाक्याखाली रेघ मारली, आणि तो एकदम गोरामोरा झाला. म्हणाला, "काकू, मी चोरी नाही केली. कापलेला पतंग ज्याच्या हातात येईल त्याचा असतो."

त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. गच्चीवरून 'काप्यो छे' अशी आरोळी उठली, की दोर तुटलेल्या पतंगावर कोणाचाच हक्क उरत नाही. बांबूच्या टोकाला बाभळीची काटेरी फांदी बांधून पोरं गल्लीभर धावतात, ते लुटणं म्हणजे कौशल्य. पण इंग्रजी वाचणाऱ्याला ते वाक्य असं वाचून दिसेल की या मुलाने दुकान फोडून अकरा पतंग नेले. म्हणून लिहा: 'आय कॉट इलेव्हन काइट्स दॅट हॅड बीन कट लूज'. वाक्य लांब होतं, पण मुलगा निर्दोष राहतो.

सोनं लुटणं, वाण लुटणं, आनंद लुटणं: हे 'लूट'ने सांगता येईल?

नाही, आणि याबद्दल मला मनापासून बोलायचं आहे.

आपल्या लुटण्याला दोन तोंडं आहेत. एक हिसकावण्याचं, तेच इंग्रजांनी नेलं. दुसरं मोकळ्या हाताने देण्याचं, ते इथेच राहिलं.

दसऱ्याला आपण आपट्याची पानं एकमेकांना देतो आणि त्याला 'सोनं लुटणं' म्हणतो. लोककथेत कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी मोहरा हव्या होत्या, रघुराजासाठी कुबेराने आपट्याच्या झाडावर सोन्याचा पाऊस पाडला. कौत्साने मोजून चौदा कोटी घेतल्या, रघूने उरलेल्या घेतल्या नाहीत, मग त्या झाडाखाली ठेवल्या आणि अयोध्येच्या लोकांनी लुटल्या. म्हणजे ही अशी लूट की जिच्यात घेणारा जास्त घ्यायला तयार नाही आणि देणारा परत घ्यायला तयार नाही.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत बडोद्यातल्या मराठी घरांत हळदीकुंकू चालतं. बायका 'वाण लुटतात'. इथे लुटणारी ती, जी देते! आमच्या सासूबाई यादी करायच्या: किती सवाष्णी येतील, किती वाट्या आणायच्या. मग वर चार वाट्या जास्त, कारण लूट मोजून करायची नसते असं त्यांचं म्हणणं. आलेल्या बायका एकमेकींना विचारतात, "तुझ्याकडे यंदा लूट काय आहे?" ती लूट म्हणजे प्लास्टिकचा डबा असेल, गाळणी असेल, कापडी पिशवी असेल. गुजराती शेजारणींना मी पहिल्यांदा 'आज आमच्याकडे लूट आहे' असं सांगितलं तेव्हा त्या दचकल्या होत्या. आता दरवर्षी येतात आणि आठवणीने आपल्याकडूनही काहीतरी आणतात.

इंग्रजीत याला 'गिव्ह अवे' म्हणा, दसऱ्याला 'वी एक्स्चेंज आपटा लीव्ह्ज अ‍ॅज गोल्ड' म्हणा. आनंद लुटणं म्हणजे 'एन्जॉय टू द फुल'. 'लूट' यात कुठेही घालू नका.

गेममध्ये 'लूट' मिळते, ती कोणती?

मारलेल्या शत्रूकडची किंवा पेटीतली शस्त्रं, नाणी, कपडे. इथे 'टू लूट' म्हणजे ते सामान गोळा करणं. 'लूट बॉक्स' मात्र सांभाळून. आत काय आहे हे न कळता पैसे देऊन पेटी उघडायची असते. २०१८ साली बेल्जियमने अशा काही पेट्यांना जुगार ठरवलं. पालकांनी एवढं तरी बघावं.

बोरन्हाणाची पत्रिका इंग्रजीत लिहायची आहे. 'बोरं लुटणं' कसं लिहू?

हा प्रश्न माझ्या भाचीने विचारला. ती कॅनडात असते, मुलगा दोन वर्षांचा, आणि शेजारपाजारच्या सहा मुलांना बोलवायचं होतं. बाळाच्या डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, रेवड्या, हलवा ओतायचा आणि बाकीच्या पोरांनी तो लुटायचा, हे तिकडच्या आईला कसं समजावणार?

मी 'स्क्रॅम्बल' सुचवला. स्कॉटलंडमध्ये लग्नाच्या दिवशी मुलांसाठी नाणी उधळतात आणि मुलं ती वेचायला झडप घालतात, त्याला हाच शब्द आहे. वाक्य झालं: 'द चिल्ड्रन स्क्रॅम्बल फॉर द फ्रूट अँड स्वीट्स'.

तिने ते लिहिलं, आणि खाली आपल्या मनाने एक ओळ घातली: प्रत्येक मुलाला 'लूट बॅग' मिळेल. मी म्हटलं, अगं, हे कशाला? तर ती म्हणाली, "मावशी, इथे वाढदिवसाला येणाऱ्या मुलांना घरी जाताना खाऊची पिशवी देतात ना, तिला इथे सगळे 'लूट बॅग'च म्हणतात."

मी शब्दकोश काढून पाहिलं. कॅनडाच्या इंग्रजीत तो शब्द खरोखरच आहे, यजमानाने पाहुण्या मुलाच्या हातात द्यायच्या पिशवीसाठी. तेव्हा पत्रिकेत 'लूट बॅग' बेलाशक लिहा, आणि चार पिशव्या वर भरा.